वरण अनलिमिटेड

ऑक्टोबर २०१५ मध्ये तुरीची डाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि होस्टेलच्या मेस कमिटीत होतो. निवडून वगैरे आलो नव्हतो. तक्रारवहीत माझं अक्षर बरं दिसलं म्हणून रेक्टरांनी मला घेतलं होतं. विदर्भातलं एक खाजगी कॉलेज, तीनेकशे मुलांचं होस्टेल, आणि ठेक्यावर दिलेली मेस. भिंतीवर एक छापील फलक होता: पोळी चार, भाजी दोन, भात आणि वरण अनलिमिटेड.

दिवाळीच्या आसपास ते वरण असं झालं की वाटी तिरपी केली की तळातल्या चार डाळी दिसायच्या. आम्ही त्याला 'पाणीपुरवठा योजना' म्हणायचो. कमिटीचे तिघं ठेकेदाराकडे गेलो. त्यानं आम्हाला बसवलं, चहा दिला आणि मला विचारलं, "तू कोठचा?" मी म्हटलं, धनज. कारंजा तालुक्यातलं. तो हसला. "तुमच्याकडे त तूरच पिकते ना बे? मंग आन एक कट्टा घरून. मी घट्ट करतो वरण."

मला तेव्हा ते उद्धट वाटलं. आता वाटतं, त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यात खरं तोच बोलला होता. त्याचा हिशोब सरळ होता. माणशी तीस ग्रॅम डाळ धरली तर तीनशे मुलांना एका वेळेला नऊ किलो लागते. डाळ पंच्याहत्तर रुपये किलो असताना माणशी सव्वादोन रुपये, आणि दोनशेची झाली की सहा रुपये. दोन वेळचे धरले तर एका मुलामागे दिवसाला साडेसात रुपयांचा फरक, महिन्याला सव्वादोनशेचा. ठोकात त्याला थोडी स्वस्त पडत असेल, पण मेसचा दर जूनमध्ये वर्षभरासाठी ठरलेला. दर वाढवून मागितला तर कॉलेज नाही म्हणणार, ठेका सोडला तर अनामत बुडणार. मग उरलं काय, तर पाणी. फलकावर वरण अनलिमिटेड लिहिलं होतं. डाळ किती, हे कुठेच लिहिलं नव्हतं.

पण त्या वयात कोण हिशोब करतो? आम्ही एका रात्री ताटं उलटी ठेवली, दोन दिवस मेसवर बहिष्कार टाकला, आणि तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी ठेकेदार बदलायचं मान्य केलं. आम्ही जिंकलो. नवा ठेकेदार आला, पहिले तीन आठवडे पनीर, रविवारी गुलाबजाम, आणि जानेवारी संपेपर्यंत वरण होतं तिथं आलं. जाताना जुना ठेकेदार आपली माणसं काढून गेला. त्यात पोळ्या करणाऱ्या एक मावशी होत्या, कॉलेजच्या मागच्या वस्तीत राहणाऱ्या, आम्हाला नावानिशी ओळखणाऱ्या. नव्या ठेकेदारानं आपल्या गावाहून बाया आणल्या. मावशींचं पुढे काय झालं, ते आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. वरणात पाणी त्यांनी घातलं नव्हतं. नोकरी मात्र त्यांची गेली.

तिसऱ्या वर्षी मी मेस सोडली. कॉलेजच्या गेटबाहेर एका काकूंची खानावळ होती, तिथं महिन्याला पाचशे रुपये जास्त पडायचे, पण वरण वरणासारखं असायचं. मी एकटा नव्हतो, ज्याला परवडलं तो गेला. माझा रूम पार्टनर मात्र मेसमध्येच राहिला. तो मेळघाटातला, धारणीकडचा. शिष्यवृत्तीवर शिकत होता आणि मेसचे पैसे फीबरोबरच कापले जायचे. रात्री मी जेवून आलो की तो विचारायचा, "काय होतं आज?" मी आलूची भाजी सांगायचो, शेवभाजी असली तरी.

आणि गंमत पाहा. त्याच वर्षी, २०१६-१७ ला, पाऊस बरा झाला आणि आदल्या वर्षीचा भाव बघून सगळ्यांनी तूर पेरली. महाराष्ट्रात तुरीचं उत्पादन कित्येक पट वाढलं. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि बाजारात व्यापारी चार हजारांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली मागत होते. राज्यभर सरकारी खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. कधी बारदाना नाही, कधी मोजमाप बंद. बाबा त्या रांगेत होते. मी खानावळीत होतो. आणि मेसमध्ये, जिथं डाळ महाग झाली म्हणून वरण पातळ झालं होतं, तिथं डाळ स्वस्त झाल्यावर ते घट्ट झालं नाही. विचारायला कमिटीच उरली नव्हती. कमिटीतले आम्ही तिघंही बाहेर जेवत होतो.

हे सगळं इतक्या वर्षांनी पुन्हा डोक्यात यायला एक कारण झालं, ते शेवटी सांगतो. पण त्यानिमित्तानं मी एक साधा प्रश्न घेऊन वाचायला लागलो: आपल्याकडे शिकणाऱ्या मुलांचं जेवण कधी, कुणी, कसं सुधारलं? साहेबांच्या भेटीपुरतं एका दिवसासाठी नाही, टिकेल असं.

सुरुवातीला तर हा प्रश्नच नव्हता, कारण मेसच नव्हती. गरीब ब्राह्मण मुलगा पुण्याला शिकायला आला तर त्याला दोन वाटा होत्या. एक माधुकरी: झोळी घेऊन ठरलेल्या घरी जायचं आणि मिळेल ते आणायचं. दुसरी वार लावून जेवायची: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. जुन्या आत्मचरित्रांत या वारांची वर्णनं पुष्कळ आहेत. कुठल्या घरी तूप वाढतात, कुठल्या घरी ताट पुढे सरकवतात, कुठला वार रिकामा म्हणजे उपासाचा. या व्यवस्थेत जेवणाचा दर्जा ही तक्रार करण्याजोगी गोष्टच नव्हती. अन्न दानात आलेलं, त्यात मीठ कमी आहे असं कोण म्हणणार? आणि ही वाटसुद्धा ठरावीक जातीच्या मुलांनाच उघडी होती. बाकीच्यांना शहरात शिकायचं तर आधी जेवायचं कुठे, हाच अडसर होता. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं, आजचं पुणे विद्यार्थी गृह, तेव्हा त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. त्याच संस्थेचं आज पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेज आहे. झोळी ते इंजिनिअरिंग, मध्ये जेमतेम पाऊण शतक.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हा प्रश्न राज्यकर्त्यासारखा हाताळला. सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात ठेवायचा प्रयत्न आधी झाला, पण तिथं ब्राह्मण मुलांचंच वर्चस्व राहिलं. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत आणि इतर जातीजातींची वसतिगृहं निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल आलं. शाळा एक आणि बोर्डिंगं अनेक, असं का? माझ्या समजुतीप्रमाणे याचं उत्तर बरंचसं स्वयंपाकघरात आहे. वर्गात एका बाकावर बसणं एक वेळ जमवता येत होतं, एका चुलीवरचं खाणं जमत नव्हतं. शाहूंनी चुली वेगळ्या मान्य केल्या आणि मुलं शाळेत आणली. त्या काळात तो व्यवहार होता, आणि त्याची किंमत त्यांना माहीत होती.

ही चूल अजून पूर्ण विझलेली नाही. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहारी मुलांसाठी राखून ठेवली गेली. काही मुलांनी त्या टेबलावर बसून मांसाहार करत निषेध केला, आणि एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. देशातल्या सगळ्यात हुशार समजल्या जाणाऱ्या इंजिनिअर पोरांचा वाद अन्नाच्या चवीवरून झाला नाही, कोण कुणाशेजारी बसून खातो यावरून झाला.

कोल्हापूरच्या त्याच जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक मुलगा होता. मिस क्लार्क होस्टेलच्या उद्घाटनाला तो गेला आणि परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्याच्या चरित्रांत सांगतात. पुढे याच मुलानं ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथं मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन सगळी मुलं एका पंगतीला बसत. महात्मा गांधी १९२७ मध्ये तिथं येऊन गेले आणि त्यांच्या हस्ते त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

साताऱ्याचं बोर्डिंग चालत कसं होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एक म्हणजे मुष्टिफंड: घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करायचं. दुसरं म्हणजे मुलांचे हात. पाणी भरणं, दळण, स्वयंपाक, भाजीपाला पिकवणं ही मुलांचीच कामं. पुढे याच विचारातून साताऱ्याच्या कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आली आणि आता ती राज्यातल्या कितीतरी कॉलेजांत आहे. थोडक्यात, जो जेवणार त्यालाच कोठीत किती धान्य आहे हे ठाऊक. वरण पातळ झालं तर का झालं, हे विचारायला कुणाकडे जावं लागत नव्हतं, कारण डाळ त्यानंच निवडलेली असायची. ठेकेदार मधे नव्हता, म्हणून तक्रारवहीही नव्हती.

पण हे सांगताना आपण नेहमी एक गोष्ट घाईनं सांगून पुढे जातो. बोर्डिंगात धान्य संपलं, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. हे आपल्याला शाळेत त्यागाची गोष्ट म्हणून शिकवतात, आणि ती आहेच. पण इंजिनिअरच्या डोक्यानं पाहिलं तर ती एक जमाखर्चाची गोष्टही आहे. त्या स्वयंपाकघरात तूट यायची आणि ती तूट एका बाईनं स्वतःच्या अंगावरच्या सोन्यानं भरली. १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संस्था पुढे वाढत वाढत राज्यातल्या सगळ्यात मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक झाली. स्वस्त आणि चांगलं जेवण जिथं कुठे दिसतं, तिथं त्यातला फरक कोण भरतंय हे शोधायची सवय मला लक्ष्मीबाईंमुळे लागली. आमच्या होस्टेलात तो फरक आधी वरणानं भरला आणि मग पोळ्यावाल्या मावशींनी.

आमच्या वऱ्हाडात हेच काम पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत केलं. विलायतेहून परतल्यावर त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं, सर्व जातींच्या मुलांसाठी. १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला, त्याच सुमाराची ही गोष्ट. देवळाचं दार आणि स्वयंपाकघराचं दार एकाच वेळी उघडायला लावणारी ही माणसं होती. आमच्या भागातले अनेक मास्तर, वकील, तहसीलदार घडले ते त्या काळी निघालेल्या अशा वसतिगृहांतल्या ज्वारीच्या भाकरीवर.

स्वातंत्र्यानंतर मुलं वाढली, कॉलेजं वाढली आणि मेस हा ठेका झाला. धान्याची मूठ गेली आणि दरमहा बिल आलं. या बिलातून काय होऊ शकतं ते महाराष्ट्रानं शेजारी पाहिलं. २० डिसेंबर १९७३ रोजी अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी संप केला. कारण, होस्टेलच्या जेवणाच्या बिलात वीस टक्के वाढ. ३ जानेवारीला गुजरात विद्यापीठात तसाच संप झाला, पोलिसांशी चकमक झाली आणि आग राज्यभर पसरली. शेंगदाण्याचं तेल तेव्हा भडकलेलं होतं. मुलांच्या बिलातली वाढ आणि घरातल्या फोडणीतली वाढ एकच होती, म्हणून मुलांच्या मागे आया, कामगार, प्राध्यापक सगळे आले. हेच नवनिर्माण आंदोलन. लष्कर बोलवावं लागलं, कितीतरी गावांत संचारबंदी लागली, शंभराच्या आसपास माणसं मेली. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला आणि मार्चमध्ये मोरारजी देसाईंच्या उपोषणानंतर विधानसभा बरखास्त झाली.

इतिहासाची पुस्तकं इथून बिहारकडे जातात, जयप्रकाशांकडे, आणीबाणीकडे. मी मात्र त्या मेसमध्येच अडकतो. सौराष्ट्र हा शेंगदाण्याचा मुलूख. त्या होस्टेलातल्या कित्येक मुलांच्या घरी शेंगा पिकत असणार, आणि त्याच शेंगांचं तेल त्यांच्या बिलात महाग होऊन येत होतं. धनजच्या पोराला "आन एक कट्टा घरून" म्हणणारा ठेकेदार अहमदाबादेतही असणारच. शेतात पिकवणारा आणि ताटात खाणारा एकाच घरातला, आणि मधला भाव दोघांच्याही हातात नाही. अहमदाबादच्या मुलांना हे कळलं होतं म्हणून त्यांचं भांडण आचाऱ्यावर न थांबता सरकारपर्यंत गेलं. आम्हाला कळलं नाही, म्हणून आमचं भांडण मावशींच्या नोकरीवर संपलं.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञाचं १९७० मधलं एक छोटं पुस्तक आहे, 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. नायजेरियातल्या रेल्वेवरून त्याला ते सुचलं. रेल्वे वाईट होती, शेजारी ट्रकची स्पर्धा होती, तरी रेल्वे सुधारत नव्हती. का? कारण ज्यांना वाईट सेवेचा सगळ्यात जास्त त्रास व्हायचा, जे सगळ्यात आधी आरडाओरडा करतील, तेच सगळ्यात आधी ट्रककडे निघून जायचे. मागे उरायचे ते, ज्यांना जाता येत नाही आणि ज्यांच्या ओरडण्याला वजन नाही. हे वाचलं तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसलो. काकूंच्या खानावळीत पाचशे रुपये जास्त देऊन मी फक्त चांगलं वरण विकत घेतलं नव्हतं. रूम पार्टनरच्या मेसमधला एक तोंडाळ माणूस कमी केला होता.

२०१८ मध्ये हाच प्रश्न सरकारी आदेश होऊन आला. आदिवासी विकास विभागानं ५ एप्रिलला निर्णय काढला: वसतिगृहांतल्या मेस बंद, जेवणाचे पैसे थेट मुलांच्या बँक खात्यात. कागदावर यात काय वाईट होतं? ठेकेदाराचा भ्रष्टाचार संपणार, मुलाला हवं तिथं जेवता येणार. सॉफ्टवेअरवाल्याला तर हे फारच पटतं, मधला टप्पा काढून टाकला की काम झालं. पण मुलांना ते पटलं नाही. जुलैमध्ये ती पुण्याहून नाशिकला आदिवासी आयुक्तालयावर पायी निघाली. सिन्नरच्या अलीकडे, नांदूर शिंगोट्याला पोलिसांनी मोर्चा अडवला.

माझ्या रूम पार्टनरचा धाकटा भाऊ तेव्हा अशाच एका वसतिगृहात होता. मी फोनवर विचारलं, पैसे हातात मिळतायत तर नको का म्हणता? तो म्हणाला, "भाऊ, पैसे वेळेवर आले त ठीक. नाही आले त त्या महिन्यात खायचं काय? अन आले, अन घरी कोणी बिमार असलं, त मी इथं जेवू का घरी पाठवू?" मुलींच्या वसतिगृहांचं म्हणणं आणखी वेगळं होतं. अंधार पडल्यावर जेवण शोधत बाहेर कुठे जायचं? म्हणजे ज्याला मी तिसऱ्या वर्षी स्वातंत्र्य समजत होतो, ते या मुलांवर सक्तीनं आलं होतं. एकेकट्यानं बाहेर जेवायचं, म्हणजे एकत्र ओरडायला जागाच राहत नाही. खराब का असेना, मेस ही तीनशे मुलं एका वेळी एका ठिकाणी असण्याची जागा असते.

ज्यांना वसतिगृहच मिळत नाही त्यांच्यासाठीही सरकारच्या योजना आहेत, समाजकल्याणची 'स्वाधार' आणि आदिवासी विभागाची 'स्वयंम'. त्यांत मुंबई-पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाला साठ हजार ठरले, त्यातला भोजन भत्ता ३२,००० रुपये. कॉलेजचे दहा महिने धरले तर दिवसाला एकशे सात रुपयांच्या आत नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. हा आकडा मी पुण्यात असताना वाचला. आमच्या कंपनीच्या कॅफेटेरियाच्या दारात तेव्हा एक यंत्र असायचं, हसरा चेहरा, सरळ चेहरा, रडका चेहरा. जेवण झालं की एक दाबायचा. आत सहा काउंटर, एक आवडला नाही की दुसरा. मी रोज हसरा चेहरा दाबून बाहेर पडायचो.

राग मात्र शेवटी कुणावर निघतो, याचं उदाहरण २०२५ च्या जुलैमध्ये साऱ्या महाराष्ट्रानं चित्रफितीत पाहिलं. मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात वरणाला वास येतो म्हणून आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आमदारांनी कॅन्टीनच्या कर्मचाऱ्याला मारलं. नंतर अन्न व औषध प्रशासनानं तपासणी केली, ठेकेदाराचा परवाना निलंबित झाला. म्हणजे तक्रारीत तथ्य असू शकतं. पण डाळ त्या कर्मचाऱ्यानं खरेदी केली नव्हती, ठेका त्यानं घेतला नव्हता, दर त्यानं ठरवला नव्हता. तो फक्त पुढे उभा होता. तो व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता आणि लोक हसत होते. मला आमची उलटी ठेवलेली ताटं आठवली.

आता कारण. गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजच्या आताच्या मेस कमिटीतल्या एका मुलाचा फोन आला. त्यांना ॲप बनवून हवं होतं. रोजच्या जेवणाला स्टार द्यायचे, सरासरी निघणार, ती ठेकेदाराला आणि प्राचार्यांना जाणार. ॲप बनवणं दोन शनिवार-रविवारांचं काम. मी त्याला विचारलं, माणशी डाळ किती ग्रॅम पडते? त्याला माहीत नव्हतं. ठेक्याच्या करारात लिहिलं आहे का? नव्हतं. फलक तोच, वरण अनलिमिटेड.

मी त्याला शाळेतल्या पोषण आहाराचं प्रमाण सांगितलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात शंभर ग्रॅम धान्य आणि वीस ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीला दीडशे ग्रॅम धान्य आणि तीस ग्रॅम डाळ. ते ताटात पोचतं की नाही हा पुढचा प्रश्न, पण निदान कागदावर ठरलेलं आहे. त्यामुळे धनजच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोराची आई शाळेत जाऊन विचारू शकते. पोरगं नववीत गेलं की आपल्याकडे डाळ मोजणं थांबतं. त्यानंतर चव असते, तक्रार असते, स्टार असतात. ग्रॅम नसतात.

पोरं कामाची निघाली. पाळीपाळीनं दोघं सकाळी कोठीत जायला लागली आणि काट्यावर डाळ मोजायला लागली, पंधरा दिवस. माणशी आकडा पाचवीच्या मुलाच्या प्रमाणाखाली निघाला. मग ती प्राचार्यांकडे गेली, या वेळी ताटं उलटी न ठेवता. नव्या वर्षाच्या करारासाठी त्यांनी मागण्या काढल्या. माणशी तीस ग्रॅम डाळ. बाजारभाव बघून दर तिमाहीला बिल वर किंवा खाली, दोन्हीकडे. रोजची खरेदी भिंतीवर खडूनं लिहायची. बाहेर जेवणाऱ्या मुलांनीही आठवड्यातून दोनदा मेसमध्येच जेवायचं, ही अट कमिटीनं स्वतःवर घालून घेतली. हिच्यावर सगळ्यात जास्त भांडण झालं असं ऐकलं.

ती यादी त्यानं मला तपासायला पाठवली. मी शेवटी एक ओळ घातली: ठेकेदार बदलला तरी स्वयंपाकघरातली माणसं बदलणार नाहीत, आणि त्यांची मजुरी करारात वेगळी लिहिली जाईल. त्याचा मेसेज आला, "दादा, याचा जेवणाशी काय संबंध?" मी त्याला फोन केला आणि मावशींची गोष्ट सांगितली. त्यांचं नाव सांगायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की आम्ही त्यांना कायम मावशीच म्हणत होतो.

करारावर अजून सही झालेली नाही. खडूनं लिहायला मात्र त्यांनी सुरुवात केली आहे. परवा त्यानं भिंतीचा फोटो पाठवला: तूर डाळ सात किलो, आलू तीस किलो, तेल पाच लिटर, जेवणारे दोनशे ऐंशी. मी मनातल्या मनात भागाकार केला. पंचवीस ग्रॅम.